मैनेची भीती मी घालवली

हसणार असाल तर चहा आधी संपवा. हा किस्सा ऐकताना माझ्या भावजयीच्या नाकातून चहा आला होता, आणि वर शिव्या मलाच पडल्या.

घोडी आमची, गाढवपणा माझा. खरं तर एवढंच सांगून मी गप्प बसायला हवं. पण मला गप्प बसता आलं असतं तर ही वेळ आली असती का?

मी यमुना. जव्हारहून मोखाड्याकडं जाताना रस्त्याच्या कडेला आमचा पाडा लागतो. घरात आम्ही तिघं: मी, माझा नवरा लहानू आणि मैना. मैना म्हणजे घोडी. लहानूनं तिला सारंगखेड्याच्या जत्रेतून आणली तेव्हा अख्खा पाडा बघायला लोटला होता. "हिला नांगराला जुंपणार का?" असं जो तो विचारी. दिराकडं राहणाऱ्या सासूबाई तर म्हणाल्या, "घरात एक खाणारं तोंड आधीच हाय, ते काय कमी होता?" ते तोंड म्हणजे मी!

पण मैनेनं आम्हाला जगवलं. पर्यटक येतात, पोरांना तिच्या पाठीवर बसवतात, फोटो काढतात. दसऱ्यापासून थंडी संपेपर्यंत आमचं घर तिच्याच चार पायांवर चालतं.

आणि मग आमच्या माळावर फुगे आले.

फुगे म्हणजे जत्रेतले नव्हेत हो. माणसं बसवून आभाळात नेणारे, घराएवढे! पाऊस गेला, भात पिवळं पडायला लागलं, वारा जरा शहाण्यासारखा वागायला लागला की त्यांचे ट्रक माळावर येतात. आता तर सगळा पाडाच फुगेवाला झालाय. कुणी दोरी धरतो, कुणी फुग्यामागं जीप पळवतो, कुणी पर्यटकांना पोहे करून घालतो. चुलीचा धूर कुठं वळला ते बघून आमच्या बायका सांगतात, आज फुगा खोडाळ्याकडं जाणार! ज्याच्या शेतात फुगा उतरेल त्याला फुगेवाले नारळ आणि पेढे देतात. त्यामुळं भात कापता कापता माणसं वर बघून असा हात करतात, जणू एसटीच थांबवतायत.

सगळ्यांना फुगा आवडला. फक्त मैनेला आवडला नाही.

दोष फुग्याचा नाही, त्याच्या भट्टीचा. माणसं उभी राहतात त्या टोपलीच्या वर गॅसची भट्टी असते. तिच्यातून जाळ निघतो तेव्हा असा फर्रर्र आवाज होतो, की बहिऱ्यानंही वळून बघावं. मैनेनं तो पहिल्यांदा ऐकला आणि ती उधळली. थेट पोह्यांच्या तंबूतून आरपार! पलीकडं निघाली तेव्हा आयाळीत कोथिंबीर आणि गळ्यात तंबूची दोरी. पाठीवर कुणी बसलेलं नव्हतं, हे देवाचे उपकार.

फुग्यांचे मॅनेजर दाभाडे साहेब. माणूस सज्जन, पण नियमाला पक्का. यंदा पाऊस संपता संपताच त्यांनी सांगून टाकलं, "यमुनाबाई, घोडी माळावर नको. कुणाला पाडलं तर जबाबदार कोण? तुम्ही तिला खाली गावात उभी करा."

गावात! गावात घोडीवर कोण बसणार, तलाठी?

पर्यटक सगळा माळावर. मैना माळावरून गेली म्हणजे ती विकायची, आणि दिवाळी झाली की घराला कुलूप लावून आम्ही दोघांनी भिवंडीकडं वीटभट्टीवर जायचं. मैना येण्याआधी आम्ही जातच होतो ना! ताडपत्रीच्या खोपटात राहायचं, पहाटेपासून चिखल तुडवायचा, आणि पाऊस येईपर्यंत घराचं तोंड बघायचं नाही. ते दिवस मला परत नको होते. नको म्हणजे नकोच.

"साहेब," मी म्हटलं, "फुग्याच्या भट्टीजवळ ती गप उभी राहिली तर?"

"तर खुशाल राहू दे. पण ती राहणार नाही."

"राहील! दिवाळीच्या आधी तुमच्यासमोर उभी करून दाखवते. घोडामैदान लांब नाय!"

लहानूनं मागून माझा पदर ओढला. पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

घरी आल्यावर तो म्हणाला, "यमे, तू कधी घोडा शिकवलास का?"

"तुला शिकवला का नाय?"

यावर तो उठून मैनेला वैरण घालायला गेला.

आता माझी युक्ती ऐका. शेजारच्या जानकी वहिनी लग्नाकार्यात स्वयंपाकाची कामं घेतात. त्यांच्याकडं गॅसची मोठी शेगडी आहे, अख्ख्या पंगतीचा भात एका दमात शिजवणारी. ती पेटवली की अगदी फुग्यासारखीच फर्रर्र करते. मी ती मागून आणली. मैनेला लांब बांधलं आणि शेगडी पेटवली. मैना थरथरायला लागली, कान मागं, डोळे पांढरे. लगेच मी तिच्या तोंडात गुळाचा खडा दिला. शेगडी बंद, गूळ बंद. शेगडी चालू, गूळ चालू! रोज तिला थोडी थोडी जवळ आणायची.

जानकी वहिनी कुडाच्या पलीकडून बघायच्या. "काय गं यमे, घोडीला भात शिजवतेस का?"

"घोडीची भीती शिजवते, वहिनी!"

आणि काय सांगू तुम्हाला बाईसाहेबांची प्रगती! आधी थरथर थांबली. मग कान पुढं आले. मग तर शेगडी फर्रर्र झाली रे झाली, की मान लांब करून माझ्या हाताचा वास घ्यायला लागली. मी पाड्यावर अशी मिरवायला लागले की विचारू नका. पाणी भरायला गेले तरी मैना, दळायला गेले तरी मैना. शेवटी बायका मला लांबून बघूनच वाट बदलायच्या.

मग एक दिवस लहानू मैनेला घेऊन जव्हारच्या बाजाराला गेला आणि घामाघूम होऊन परत आला.

"काय झाला?" मी विचारलं.

"वड्याच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. तिथनं हालंना! त्याची शेगडी चालू होती ना. वडेवाल्याच्या खिशात तोंड घातलं तिनं!"

"घाबरली का?"

"घाबरली नाय. पण यमे, ती काय करते ते तरी बघ..."

"घाबरली नाय ना? मग झाला तर!"

तिथंच मला अक्कल यायला हवी होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझी तर घोडी होती, आणि ती रिकामी राहिली असती तर किती बरं झालं असतं!

परीक्षेची सकाळ उजाडली. माळावर दव पडलेलं, सोनकीची पिवळी फुलं फुललेली, थंडी नुसती बोचत होती. मी मैनेला घासूनपुसून, आयाळ विंचरून, गळ्यात झेंडूची माळ घालून आणलं. लहानू दोरीवाल्यांमध्ये फुगा धरायला उभा होता. त्याचं लक्ष फुग्याकडं कमी आणि माझ्याकडं जास्त.

दाभाडे साहेब म्हणाले, "मी स्वतः बसतो. माझ्यासकट उभी राहिली, तर पर्यटक बसवायला माझी हरकत नाही."

साहेब चढले. अंगानं चांगले भरलेले, डोक्यावर टोपी, डोळ्यांना काळा चष्मा, कमरेला वॉकीटॉकी. मैनेची दोरी माझ्या हातात. तिकडं टोपलीत पर्यटक चढून बसले.

फुगा चालवणाऱ्या पायलटदादानं भट्टी सोडली. फर्रर्र!

मैनेनं कान टवकारले आणि एक पाऊल टाकलं. पुढं! मागं नव्हे, पुढं!

"वा!" साहेब वरून म्हणाले.

फर्रर्र! आणखी एक पाऊल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फुगा डुलत उभा राहिला, आणि आमची मैना टोपलीच्या काठावर मान टेकवून पायलटदादाच्या जाकिटाचा वास घ्यायला लागली. टोपलीतल्या बायका तर विरघळल्याच. "अय्या, किती गोड!"

"यमुनाबाई, मानलं तुम्हाला," साहेब म्हणाले.

आता सांगा, एवढं ऐकल्यावर शहाण्या बाईनं काय करावं? मान खाली घालून गप्प उभं राहावं. मी काय केलं? दोरी सोडली! दोन्ही हात वर करून सगळ्या माळाला ओरडून सांगितलं, "बघा, दोरी पण लागत नाय!"

आणि त्याच घडीला तिकडं दोरीवाल्यांनी फुगा सोडला.

फुगा वर निघाला. फर्रर्र! मैनेनं वर बघितलं. तिच्या हिशेबानं गूळ आभाळात चालला होता. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. माझे हात रिकामे. मग ती निघाली.

उधळली असं मी म्हणणार नाही. कामाला निघाल्यासारखी निघाली. नजर वर, पाय खाली, आणि मध्ये साहेब.

"यमुनाबाई! अहो यमुनाबाई!" साहेबांचा आवाज बारीक बारीक होत गेला.

लहानू माझ्याकडं बघतोय, मी लहानूकडं बघतेय. मग दोघंही धावत सुटलो आणि फुगेवाल्यांच्या जीपमध्ये उड्या टाकल्या. लहानूनं जीप काढली. वरातीमागून घोडं म्हणतात ना? इथं घोड्यामागून वरात! वर फुगा, खाली घोडी, आणि मागं खड्ड्यांतून आपटत आम्ही.

जीपमधला वॉकीटॉकी खरखरला. "ही... थांबते... कशी?" शब्दाशब्दाला साहेबांना हबका बसत होता.

"साहेब, तिला गूळ द्या!" मी ओरडले.

"माझ्याकडं... गूळ... कुठून असणार?"

"मग पेढे द्या! शेतकऱ्याला द्यायचे ते!"

"ते... जीपमध्ये... आहेत!"

खरंच होते. माझ्याच पायाशी.

लहानू म्हणाला, "साहेब, लगाम खेचा!"

"खेचतोय! ही माझं... ऐकतच नाही! हिला फक्त... वरचं ऐकू येतं!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. भट्टी चालू झाली की मैना पळते, बंद झाली की हळू होते. मी वॉकीटॉकीवर ओरडले, "पायलटदादा, भट्टी बंद करा!"

"बंद केली तर आम्ही खाली येऊ, ताई!"

"मग या ना खाली!"

"खाली सागाचं जंगल आहे!"

"मग चालू ठेवा!"

"ठेवतो!"

फर्रर्र!

"अहो, नका ठेवू!" हे साहेब.

पायलटदादा बिचारा भला माणूस. घोडीपासून लांब जावं म्हणून त्यानं फुगा आणखी वर घेतला. वर जायला भट्टी जास्त लागते. भट्टी जास्त, की मैना जास्त! भाताची खाचरं, मग ओढा, मग नागलीचं शेत. कापणीची माणसं विळे हातात धरून बघत राहिली. एका म्हातारीनं सवयीप्रमाणं फुग्याला हात केला, मग खाली घोडीवर साहेब दिसले, तेव्हा तोच हात तिनं कपाळावर मारून घेतला.

ओढा जीपला ओलांडता येईना. आम्ही पुलाकडून वळसा घेतला. फुगा डोंगरापलीकडं गेला, साहेब दिसेनासे झाले. वॉकीटॉकीवर नुसतं "राम राम राम राम" ऐकू येत होतं. लहानू नुसता गिअर बदलत होता. मला रडू यायला लागलं. डोळ्यांसमोर ती वीटभट्टी दिसायला लागली, ते खोपट, तो धुरळा.

"माझ्यामुळं गेली रे मैना," मी म्हटलं. "आता साहेब तिला माळावर पाय ठेवू देणार नाय."

"साहेब आधी जगू दे," लहानू म्हणाला.

एवढ्यात वॉकीटॉकीवर ढोल वाजायला लागला. ढोल! आम्ही दोघं त्या यंत्राकडं बघतच राहिलो. मग बायकांचा गलका. "या या! उतरू नका हां! आधी ओवाळू द्या!"

आणि मग साहेब, "अहो बाई, मी तो नाही!"

लहानूनं ब्रेकच मारला. "यमे, पुढच्या पाड्यात आज साखरपुडा हाय."

"मग?"

"स्वयंपाकाला कोण गेलंय?"

जानकी वहिनी! त्यांनी तिथं मांडवामागं नुकतीच शेगडी पेटवली होती. तीच शेगडी, जिच्यापुढं मैनेनं रोज गूळ खाल्ला होता. आभाळातला गूळ लांबचा, हा हाकेच्या अंतरावरचा. मैनेनं फुगा सोडला आणि साहेबांना घेऊन थेट मांडवात शिरली.

तिथली माणसं नवऱ्याकडच्यांची वाट बघत बसली होती. लांबून यायचे होते, कधीही पोचतील म्हणून ढोलवाला तयारच होता. आणि समोरून काय आलं? झेंडूची माळ घातलेली घोडी, वर टोपी-चष्म्यातला भारदस्त माणूस! कुणाला शंका तरी कशी यावी? एक म्हातारबुवा तर म्हणाले म्हणे, "साखरपुड्यालाच घोड्यावर आला, आता लग्नाला काय विमान आणतो का काय!"

आम्ही पोचलो तेव्हा साहेब घोडीवरच होते. कपाळभर कुंकू, टोपीवर अक्षता, हातात नारळ, चष्मा एका कानाला लटकलेला. नवरीची आत्या त्यांना निरखून बघत शेजारणीला सांगत होती, "वयानं जरा थोराड वाटतो. पण घर चांगला असंल गं." आतून नवरीनं डोकावून बघितलं आणि भोकाडच पसरलं, "मला दाखवलेला हा नाय!"

आणि मैना? मैनेचं तोंड लापशीसाठी आणलेल्या गुळाच्या ढेपेत, आणि जानकी वहिनी तिच्या शेपटीला धरून ओढतायत. "यमे! तुझी घोडी! माझी ढेप!"

तेवढ्यात खरा नवरा काळीपिवळी जीपमधून, मामा-काकांच्या मांडीवर दाटीवाटीनं बसून येऊन पोचला. उतरला आणि मांडवाच्या तोंडाशी थबकला. "हे कोण?"

साहेब घोडीवरून खाली उतरले. माणूसच सज्जन. चार पावलं चालत गेले आणि त्याच्या हातात नारळ दिला. म्हणाले, "हे तुमचं."

मग साहेबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. वॉकीटॉकीवर पायलटदादाचा निरोप आला, फुगा डोंगरापलीकडच्या कापलेल्या खाचरात सुखरूप उतरला होता. मी हात जोडून साहेबांसमोर उभी राहिले. लहानू माझ्या शेजारी. ढोलसुद्धा थांबला होता.

"साहेब, चूक माझी हाय," मी म्हटलं. "मैनेची नाय. तिला नका घालवू. ती गेली तर आम्हाला घर सोडून वीटभट्टीवर जायला लागंल. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

साहेबांनी टोपी काढून अक्षता झटकल्या. मग मैनेकडं बोट केलं.

"यमुनाबाई, ही घोडी भट्टीला घाबरते का?"

"नाय साहेब."

"हिनं मला पाडलं का?"

"नाय साहेब."

"तुमची जीप ओढ्यापाशी अडकली. ही अडकली का? डोंगराला लागेपर्यंत फुगा माझ्या डोक्यावरून हलला नाही. फुगा कुठं उतरला ते शोधत आम्ही जीपनं तास तास भटकतो. मला असंच जनावर हवंय. हिला माळावर राहू द्या. आणि लहानू, उद्यापासून फुगा उडाला की तू हिच्यावर बसून त्याच्यामागं जायचंस. खिशात गूळ ठेवून."

मला हुंदकाच फुटला. मी मैनेच्या गळ्यात पडले. तिनं माझे दोन्ही हात हुंगले, काही मिळालं नाही, आणि पुन्हा ढेपेकडं तोंड फिरवलं. असू दे! एकदाचं घोडं गंगेत न्हालं.

"पण एक अट आहे," साहेब म्हणाले. आणि ते माझ्याकडं बघत होते.

अट काय ते माळावर आलात की दिसेलच. सकाळी फुगा उडायच्या आधी माळावर दोरी ताणतात. दोरीच्या आत फक्त कामाची माणसं. मैना आत असते, गळ्यात फुगेवाल्यांचा लाल पट्टा बांधून. लहानू आत असतो, लगाम धरून. आणि मी दोरीच्या बाहेर, पर्यटकांच्या गर्दीत, टाचा उंच करून बघत. दोरीच्या आत पाय टाकायचा नाही, ही साहेबांची अट.

परवा मुंबईची एक बाई माझ्या शेजारी उभी होती. भट्टी फर्रर्र झाली, लहानूच्या हातातला गूळ चाटत मैना जागची हलली नाही. बाईला केवढं कौतुक! मला म्हणाली, "तुमचीच ना ही घोडी? किती धीट आहे! मग तुम्ही का बाहेर उभ्या? आत जा की तिच्याजवळ."

आता तिला काय सगळी रामकहाणी सांगत बसू?

मी म्हटलं, "नको बाई, मला त्या भट्टीच्या आवाजाची भीती वाटते."